तीन चाळीसची बेल

१

डबे फुगले होते. एक नाही, दोन नाही, तीनशे बारा. गोदामातल्या चौथ्या थप्पीतल्या एकूण एक डब्याचं झाकण, लग्नात पाच जिलब्या जास्त खाल्लेल्या माणसाच्या पोटासारखं वर आलं होतं.

"हात लावू नका कोणी," राजाभाऊ शेवडे म्हणाले आणि स्वतःच एका झाकणावर बोट दाबलं. झाकण टक् करून खाली गेलं आणि बोट उचलल्यावर पुन्हा वर आलं. राजाभाऊंनी दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. मग खिशातून रुमाल काढून टक्कल पुसलं.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत राजाभाऊंचा आंब्याचा पल्प डबाबंद करायचा कारखाना होता. साल दोन हजार पाच, मे महिन्याची सव्वीस तारीख, हंगाम ऐन भरात. पल्प भरून झाकण बसवलेले डबे लोखंडी पिंजऱ्यात घालून उकळत्या पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि नेमकी मिनिटं भरली की बाहेर काढायचे. त्या टाकीला सगळे कढई म्हणत. कढईत डबा कच्चा राहिला, तर आतला रस आंबतो आणि दहा-बारा दिवसांत डबा फुगतो. झाकणांवरचा शिक्का चौदा मेचा होता, दुपारचा तिसरा पिंजरा.

"चौदा तारखेला कढईवर कोण होतं?" राजाभाऊंनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, तरी सुपरवायझर यज्ञेशने ते मोठ्यानं दिलं. "निशिगंधा. दुसरं कोण असणार? बेल व्हायच्या आधीच पिंजरा काढलान तिनं. तिला ऐकूच येत नाही, तर ती तरी काय करणार बिचारी!"

त्या 'बिचारी'चा लीलाताईंना असा काही राग आला की हातातलं हजेरीपुस्तक त्यांनी छातीशी आवळून धरलं.

लीलाताई म्हणजे कारखान्याचं टाइम-ऑफिस. बावीस वर्षं कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता सटकलं, याची खडान्खडा माहिती ठेवणारी बाई. निशिगंधाला त्यांनीच आणलं होतं. संगमेश्वरकडच्या एका खेड्यातली बावीस वर्षांची मुलगी, जन्मापासून ठार बहिरी, मूक-बधिर शाळेत दहावी झालेली. राजाभाऊंच्या परदेशी गिऱ्हाइकानं एक लांबलचक फॉर्म पाठवला होता; तुमच्याकडे बायका किती, अपंग किती, त्यांना पगार सारखा का, बढती मिळते का. राजाभाऊंनी 'अपंग' या रकान्यात मोठ्या झोकात 'एक' लिहिलं होतं. तीन महिने परीक्षेचे, मग कायम. ती टिकली तर जूनपासून त्याच शाळेच्या आणखी दोघी येणार होत्या.

"लीला, तुझ्या शब्दावर घेतली हो मी तिला," राजाभाऊ केबिनमध्ये शिरता शिरता म्हणाले. "उद्या तिचे तीन महिने भरतायत. शाळेच्या बाईंना मला उद्या दुपारी फोन करायचाय. काय सांगू? पुढच्या दोघींना पाठवू नका म्हणून?"

"उद्या दुपारपर्यंत थांबा की."

"थांबून काय होणाराय?"

"ते मला ठाऊक नाही. पण सगळे बोलले आणि जिच्यावर बोलले तिला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. ही कुठली रीत?"

राजाभाऊंनी पुन्हा टक्कल पुसलं. "बारा वाजेपर्यंत. त्यापुढे मला भरीला घालू नकोस."

२

यज्ञेश पल्प गाळायच्या मशीनपाशी उभा होता. सव्वीस वर्षांचा, दापोलीला शिकलेला, कामाला वाईट नव्हे, पण आपल्याला सगळं कळतं हे दिवसातून चार वेळा सांगणारा.

"लीलाताई, माझं तिच्याशी वैर नाही," तो म्हणाला. "साधी गोष्ट आहे. तीन दहाला पिंजरा आत गेला. मोठे डबे, तीस मिनिटं. तीन चाळीसला बेल झाली. पिंजरा तोवर बाहेर. कढईवर ऐकू येणारं माणूस पाहिजे."

"तिच्यासाठी बेलेसोबत लाल दिवा लावायचा ठरला होता ना? मार्चमध्ये?"

"लावायचा होता हो. हंगामात कुणाला वेळ आहे?"

"बेल तू स्वतः ऐकलीस?"

"मी काय, सगळ्यांनी ऐकली. बाबूला विचारा, गोदाला विचारा." आणि तो मशीनकडे वळला, बोलणं संपलं असं दाखवत.

लीलाताई बॉयलरकडे गेल्या. बाबू बॉयलरवाला साठीला टेकलेला, घामानं निथळत असायचा आणि प्रत्येक प्रश्नाला आधी नाही म्हणायचा.

"मना काय म्हाईत नाय."

"मी अजून विचारलं कुठे?"

"डब्यांचंच विचारशाल." बाबूनं पंचा खांद्यावर टाकला. "मी त्या दिवशी पाणी बघायला कढईवर गेलेलो. साडेतीनचा सुमार. पिंजरा वर टांगलेला व्हता. त्याच्यानंतर कितीतरी वेळानं बेल झाली."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"माजा काम बॉयलरचा. कढईत तोंड घातलं तर म्हणतील, बाबू शाणा झालाय." मग जरा थांबून म्हणाला, "पोर चांगली हाय पण. कदी कामचुकारपणा नाय केलान."

दोन माणसं, दोघांनी बेलेचं सांगितलं. लीलाताई टाइम-ऑफिसात परत आल्या. ऑफिसच्या दारावरच ती पितळी वाटीची विजेची बेल होती. आपण त्या दिवशी दारामागेच बसलो होतो. आपण ऐकली का? त्यांनी आठवून पाहिलं. बावीस वर्षं रोज वीस वेळा वाजणारी बेल माणूस ऐकतो कुठे! त्यांना काही म्हणता काही आठवेना.

कढईची नोंदवही मात्र त्यांनी मागवून घेतली. चौदा मे, तिसरा पिंजरा. निशिगंधाच्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: आत ३.१०. बाहेर ३.२५.

म्हणजे तिनं खरंच पंधरा मिनिटांत काढला होता. आणि स्वतःच्या हातानं तसं लिहूनही ठेवलं होतं.

लीलाताई त्या ओळीकडे बघत राहिल्या. चूक लपवायची असती, तर तिथे तीन चाळीस लिहायला कितीसा वेळ लागला असता? आणि त्या ओळीखाली, पानाच्या तळाला, 'तपासले' असं लिहून एक झोकदार सही होती. यज्ञेशची.

३

गोदा लाइनवरच्या अठरा बायकांची पुढारीण. फटकळ, पण मनानं मऊ. लीलाताईंनी तिला जेवणाच्या सुट्टीआधी गाठलं. मशीनं धडधडत होती, त्यामुळे दोघी एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या.

"माजाच जीव खातोय तो पिंजरा," गोदा म्हणाली. "यज्ञेशसायबांनी मना येऊन सांगितलानी, आज मोठे डबे हायत, तीस मिन्टं ठेवायचेत, निशीला सांग. आनि ते गेले गाडीकडं."

"रोज किती असतात?"

"बारक्या डब्यांना पंधरा. त्या दिवशी पयल्यांदा मोठे लागले. मी निशीला सांगितलं."

"कसं सांगितलंस?"

"आमी सगळ्या सांगतो तसंच. ह्या आवाजात तोंडाचं कोणाला ऐकू येतंय? आमी समद्या हितं बहिऱ्याच!" गोदा हसली आणि उजवा हात वर धरला. चार बोटांची बारा पेरं, घड्याळाचे आकडेही बारा. लाइनवरच्या बायका अंगठा पेरावर टेकवून वेळ सांगत. गोदानं आधी कढईवरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, मग अंगठा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर टेकवला. "काटा आठावर आला की काढ. तीनशे येळा मान हलवलीन तिनं. नि काढलान कधी, तर पाचावर! बेल व्हायच्या किती आधी!"

"तू आठच दाखवलंस?"

गोदाचा चेहरा पडला. "लीलाताई, मी काय खोटं बोलतंय? माजी पोर असल्यागत वागवते मी तिला. डब्यातली भाकरी अर्धी तिला देते."

लीलाताईंना वाईट वाटलं. त्या काही म्हणणार, तेवढ्यात ऑफिसातला पंखा घरघरून थांबला. लाइट गेली होती. मिनिटभरानं मागचा जनरेटर सुरू झाला. मशीनं पुन्हा धडधडू लागली, पण ऑफिसचा पंखा तसाच राहिला. जनरेटरवर फक्त मशीनं आणि पंप चालत. ऑफिसच्या तारा वेगळ्या.

गोदानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. तिनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले आणि अख्ख्या शेडभर ओरडली, "चला गो, बेल झाली! जेवायला चला!"

अठरा बायका हात धुवायला नळाकडे निघाल्या.

लीलाताई जागच्या हलल्या नाहीत. दारावरची पितळी वाटी गप्प होती. कुठलीही बेल झालेली नव्हती.

४

"बाबू, तुझी जनरेटरची वही दाखव."

"कशाला? डिझेल बराबर हाय माजा."

"डिझेल घाल चुलीत. चौदा तारीख काढ."

बाबूनं थुंकी लावून पानं उलटली. चौदा मे. चालू ३.०५. बंद ४.१०.

लीलाताईंनी सुस्कारा सोडला. तीन पाच ते चार दहा लाइट नव्हती. बेल ऑफिसच्या तारेवर. म्हणजे तीन चाळीसला बेल वाजणं शक्यच नव्हतं. "बाबू, तू म्हणालास बेल झाली. कानानं ऐकलीस?"

बाबू गोंधळला. "झाली म्हंजे… येळ झाली. पुढच्या पिंजऱ्याची तयारी चाललेली. कानानं कशाला ऐकायची? बेल झाली म्हंजे बेल झाली."

एवढंच होतं ते. या कारखान्यात वेळ भरली की बेल 'व्हायची', मग ती वाजो न वाजो. जेवायची बेल, सुट्टीची बेल. मागल्या वर्षी बाबूच्या मुलाच्या लग्नाचा मुहूर्त झाला तेव्हाही मांडवात गोदा "बेल झाली" म्हणाली होती. बाबू खोटं बोलला नव्हता, गोदाही नाही. पण यज्ञेशचं काय? निरोप सांगायला तो गोदाकडे आला तेव्हा लाइट गेलेलीच होती. त्याला बेल बंद आहे हे पक्कं ठाऊक होतं.

पण तेवढ्यानं निशिगंधा सुटत नव्हती. बेल नसली तरी गोदानं आठ सांगितले होते आणि पिंजरा पाचावर निघाला होता.

निशिगंधा कढईजवळच्या बाकावर एकटी बसली होती. आज तिच्याशेजारी जेवायला कोणी बसलं नव्हतं. लीलाताईंनी हजेरीच्या जुन्या कागदाची पाठकोरी बाजू आणि पेन तिच्यापुढे ठेवलं आणि लिहिलं: १४ तारीख. मोठे डबे. तू पिंजरा ३.२५ ला का काढलास?

तिनं वाचलं आणि लीलाताईंकडे असं पाहिलं, जणू कोणीतरी विचारण्याची ती सकाळपासून वाट बघत होती. मग भराभर लिहिलं. तिचं मराठी शाळेत शिकलेलं, थोडं तुटक असे. 'गोदाताई घड्याळ दाखवला. ५ दाखवला. रोज पण १५ मिनिट. मी ५ वर काढला. बरोबर काढला.'

खाली तिनं आणखी एक ओळ लिहिली. 'सर्व मला बघत नाही आज. मी काय केला?'

लीलाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी कागद घडी करून पदराआड ठेवला. एक म्हणते आठ, दुसरी म्हणते पाच. दोघींपैकी एक खोटं बोलत असणार, आणि या दोघींपैकी कोणी खोटं बोलेल यावर लीलाताईंचा काही केल्या विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या फाटकाशी हजेरी घेत होत्या. बारा वाजायला चार तास. आतल्या अंगणात निशिगंधा रिकामे पिंजरे मोजत होती. बोटांच्या पेरांवर, अंगठा टेकवत टेकवत. लीलाताई सहज बघत होत्या. एक, दोन, तीन…

आणि त्यांच्या हातातलं पेन गळून पडलं. फाटकात रांगेत उभ्या असलेल्या माणसांना तसंच सोडून त्या अंगणात धावत सुटल्या. बावन्नाव्या वर्षी, साडीचा ओचा हातात धरून.

५

साडेअकराला राजाभाऊंच्या केबिनमध्ये पाच माणसं दाटीवाटीनं उभी होती. लीलाताईंनी एकुलती एक खुर्ची ओढली आणि निशिगंधाला राजाभाऊंच्या समोर बसवलं.

"राजाभाऊ, तीन चाळीसला बेल वाजली नाही. लाइट नव्हती. ही बाबूची वही."

राजाभाऊंनी वही पाहिली, मग यज्ञेशकडे पाहिलं.

"ते राहू दे," लीलाताई म्हणाल्या. "आधी डबे. गोदा, आठ दाखव."

गोदानं हात वर केला. करंगळीची तीन पेरं, शेजारच्या बोटाची तीन, सहा झाली. मग मधल्या बोटाचं पहिलं सात आणि मधलं आठ. अंगठा तिथे टेकला.

"तस्साच धर. हलवू नको." लीलाताईंनी निशिगंधाच्या खांद्याला हात लावला, गोदाच्या हाताकडे बोट केलं आणि कागदावर प्रश्नचिन्ह काढलं.

निशिगंधानं क्षणाचाही विचार न करता लिहिलं: ५.

"आता पाच कसे, ते दाखव," लीलाताईंनी लिहिलं.

निशिगंधानं हात वर केला. तिनं सुरुवात करंगळीपासून केलीच नाही. तिचा अंगठा आधी पहिल्या बोटावर गेला, अंगठ्याच्या शेजारच्या. एक, दोन, तीन. मग मधल्या बोटाचं पहिलं पेर चार. मधलं पेर पाच.

दोन हात शेजारी शेजारी होते, दोघींचा अंगठा एकाच पेरावर. एकीचे आठ, दुसरीचे पाच.

"अगो बाई माजे!" गोदानं कपाळावर हात मारला.

"हिच्या आईनं हिला भाताच्या पेंढ्या मोजायला अशा शिकवल्या," लीलाताई म्हणाल्या. "सकाळी विचारून घेतलंय मी. आपण करंगळीकडून येतो, त्यांच्या घरात या बाजूनं जातात. एरवी दोघींचं भांडण लागलं नसतं, कारण एरवी वेळ सांगायला बेल होती आणि हिला घड्याळ. बारक्या डब्यांना पंधराच मिनिटं लागतात, म्हणून पाचाच्या खुणेनं हिला संशय आला नाही. हिनं सांगितलं तेच केलं, आणि केलं ते वहीत खरं लिहिलं."

राजाभाऊ वही पुढे ओढून ती ओळ वाचू लागले. वाचता वाचता त्यांचं बोट पानाच्या तळाशी गेलं.

"यज्ञेश, ही तुझी सही?"

"हो."

"मोठे डबे, तीन पंचवीस. हे तू त्याच दिवशी वाचलं असतंस, तर संध्याकाळपर्यंत तो पिंजरा परत कढईत गेला असता. मग वाचलं का नाहीस?"

"गाड्या लागल्या होत्या. मी न वाचताच सह्या केल्या. डबे फुगले तेव्हा वही उघडली आणि… मला वाटलं माझी नोकरी जाणार." यज्ञेश घुटमळला. "बेल झाली म्हटलं की पुढे कोणी काही विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती काही बोलणार नव्हतीच."

"बोलली की," लीलाताई म्हणाल्या. "वहीत लिहून ठेवलं होतंन. तू वाचलं नाहीस."

बाबू पंच्यानं उगीचच मान पुसत राहिला.

राजाभाऊ मनानं वाईट नव्हते, पण त्यांना सगळ्यांना खूश ठेवून प्रकरण मिटवायची सवय होती. "चला, पोरीची चूक नाही हे कळलं. बरं झालं हो," ते म्हणाले. "तिला आपण लेबलं चिकटवायला बसवू. पगार तोच. तिथे ना बेल, ना कढई. तिलाही त्रास नको, आपल्यालाही नको."

लीलाताईंना वाटलं, आता ओरडावं. पण त्यांनी स्वतःला आवरलं, राजाभाऊ म्हणाले ते जसंच्या तसं कागदावर लिहिलं आणि निशिगंधापुढे सरकवलं. काल कोणी तिला विचारलं नव्हतं, आज निदान विचारावं.

तिनं वाचलं. दोनदा वाचलं. मग पेन घेतलं आणि इतकं दाबून लिहिलं की कागद फाटायचा राहिला.

'चूक नाही तर का काढता. कढई माझी. मला मोठा डबा ३० शिकवा.'

राजाभाऊंनी तो कागद वाचून टेबलावर ठेवला. मग शाळेच्या बाईंचा नंबर फिरवला. "नमस्कार, शेवडे बोलतोय. हो, निशिगंधा कायम झाली. कढईवरच. दोघींना एक जूनला पाठवा. आणि बाई, एक विनंती होती. तुमच्याकडचं कोणी आठवडाभर येऊन आम्हाला शिकवील का? नाही, मुलींना नाही. आम्हाला. खाणाखुणा." त्यांनी फोन ठेवला. "यज्ञेश, तो दिवा आज संध्याकाळच्या आत लागला पाहिजे. तू स्वतः शिडीवर चढून लावायचास. तुझ्या नोकरीचं मी हंगाम संपल्यावर बघतो. पण आत्ता आधी हिची माफी माग."

यज्ञेश पुढे आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, नजर पायातल्या चपलेवर. "चुकलं माझं," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "सॉरी."

निशिगंधानं त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग गोदाकडे पाहिलं. तिला काहीच कळलं नव्हतं.

"तोंड वर करा, सायेब," गोदा म्हणाली. "तिला दिसू तरी दे."

यज्ञेशनं मान वर केली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळं पुन्हा, सावकाश, पहिल्यापासून म्हणाला.